साठ पत्त्यांचा संच आणि समान संधीचा प्रश्न

गतवर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या वाचनालयाला एक खोका भेट दिला. हा विद्यार्थी आज पुण्यात संगणक अभियंता आहे. खोक्यात पुस्तके असतील असे आम्हां शिक्षकांना वाटले. उघडून पाहतो तो आत शेकडो रंगीत पत्ते! ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाचे ते पत्ते होते. पुढच्याच पालक सभेत त्यावरून चर्चा झाली. एक माता उठून म्हणाल्या, “सर, पत्त्यांपायी आमच्या वस्तीतली किती घरं बसली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तुम्ही पोरांच्या हातात पत्ते देता?” दुसऱ्या एका पालकांचा आक्षेप निराळा होता. पत्त्यांवर मांत्रिक, राक्षस आणि जादूटोणा आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या शाळेत हे कशासाठी?

दोन्ही प्रश्न रास्त होते. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या संपत्तीनाशाची जी सहा द्वारे सांगितली आहेत, त्यांत जुगाराचा समावेश आहे. तेव्हा खोका कपाटात कुलूपबंद केला आणि दिवाळीच्या सुटीत मी स्वतः त्या खेळाचा अभ्यास करण्याचे ठरवले. इतिहासाच्या विद्यार्थ्याची सवय अशी की, कोणतीही गोष्ट स्वीकारण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी तिचा उगम पाहावा. त्या अभ्यासातून जे हाती आले, ते पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

खेळाचा जन्म

या खेळाचे निर्माते रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे अभ्यासक. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते चयनगणित या शाखेत डॉक्टरेटसाठी संशोधन करीत होते. त्यांनी ‘विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या छोट्या कंपनीचे संस्थापक पीटर ॲडकिसन यांच्याकडे पटावरचा एक खेळ नेला होता. तो छापण्याइतके भांडवल कंपनीकडे नव्हते. ॲडकिसन यांनी सुचवले की, खेळाडूंच्या संमेलनात दोन खेळांच्या मधल्या फावल्या वेळात खेळता येईल, सहज बरोबर नेता येईल आणि छपाईला स्वस्त पडेल असे काही तयार करावे. त्यातून १९९३ च्या ऑगस्टमध्ये हा खेळ बाजारात आला. पहिल्या आवृत्तीत २९५ निरनिराळे पत्ते होते.

आपल्या परिचयाच्या कॅटमध्ये बावन्न पत्ते असतात आणि सर्व खेळाडू त्याच एका कॅटमधून खेळतात. झब्बू असो, बदाम सात असो की मेंढीकोट, कोणाच्या हाती काय येईल हे पिसणाऱ्याच्या हाताबाहेरचे असते. गारफिल्ड यांची कल्पना याहून मूलतः वेगळी होती. त्यांच्या खेळात प्रत्येक खेळाडू आपला स्वतःचा संच बांधून आणतो. हजारो पत्त्यांतून कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे, हा निर्णय त्याने घरी बसून, विचारपूर्वक घेतलेला असतो. या संचाला खेळाडू ‘डेक’ म्हणतात. अर्धा खेळ समोरासमोर बसण्यापूर्वीच खेळून झालेला असतो, असे म्हटले तरी चालेल.

येथे एक अप्रिय सत्य नोंदवले पाहिजे. मूळ नियमांत पण होता. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या संचातील एक पत्ता बाजूला ठेवायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायचे, अशी ती पद्धत होती. म्हणजे त्या मातेची शंका निराधार नव्हती. परंतु खेळाडूंना ही पद्धत रुचली नाही. ती ऐच्छिक झाली, पणावर आधारलेले पत्ते अधिकृत स्पर्धांतून बाद झाले आणि १९९५ नंतर तसा नवा पत्ता छापला गेला नाही. जुगाराचा अंश खेळातून काढून टाकला तरी खेळ उरला, किंबहुना वाढला. पण लावल्याशिवाय तीनपत्तीत काय उरते, हे ज्याचे त्याने पाहावे.

डाव कसा चालतो

दोन खेळाडू समोरासमोर बसतात. प्रत्येकाकडे २० प्राणांक असतात. प्रतिस्पर्ध्याचे प्राणांक शून्यावर आणणारा जिंकतो. ज्याच्या संचातील पत्ते संपले आणि उचलण्याची पाळी आली, तोही हरतो. आरंभी आपापला संच पिसून वरचे सात पत्ते हाती घ्यायचे आणि मग आपल्या प्रत्येक पाळीला एक पत्ता उचलायचा. पहिली पाळी घेणाऱ्याला मात्र त्या पाळीत पत्ता मिळत नाही.

पत्त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग जमिनीचा. मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि वन असे तिचे पाच मूळ प्रकार. त्यांपासून अनुक्रमे पांढऱ्या, निळ्या, काळ्या, लाल आणि हिरव्या रंगाची शक्ती मिळते. एका पाळीत जमिनीचा एकच पत्ता मांडता येतो. दुसरा वर्ग कृतीचा. त्यात प्रतिस्पर्ध्यावर चालून जाणारे सैनिक, इजा करणारे अस्त्र, नवे पत्ते मिळवून देणारी विद्या असे नाना प्रकार आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्याची किंमत छापलेली असते. ही किंमत पैशांत नसून जमिनीतून मिळणाऱ्या शक्तीत मोजतात. दोन किमतीचा सैनिक मांडायचा तर दोन जमिनी आडव्या करायच्या. पुढच्या पाळीला त्या पुन्हा उभ्या होतात.

जादूचा विषय इतकाच आहे. बुद्धिबळातील उंट तिरका चालतो म्हणून कोणी खऱ्या उंटाविषयी गैरसमज करून घेत नाही. तसेच या चित्रांचे. चित्रे बाजूला केली की खाली निव्वळ गणित उरते.

संच बांधताना

आपल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला आपली लोखंडी पेटी आठवत असेल. पाचवीत वसतिगृहात येताना वर्षभराचे सारे सामान त्या एका पेटीत बसवावे लागे. ज्याने घरचे सगळेच कोंबले, त्याला पहाटेच्या अंधारात टॉवेल सापडत नसे. संच बांधणे हे पेटी भरण्यासारखे आहे. स्पर्धेच्या नियमानुसार संचात किमान ६० पत्ते लागतात आणि मूळ जमिनी वगळता एका नावाचे चारपेक्षा अधिक पत्ते घेता येत नाहीत. साठपेक्षा जास्त पत्ते घेण्यास मनाई नाही. तरीही जाणकार खेळाडू साधारणपणे साठावरच थांबतो. असे का?

उत्तर संभाव्यतेत आहे. साठ पत्त्यांच्या संचात एखाद्या चांगल्या पत्त्याच्या चार प्रती असतील, तर पहिल्या सात पत्त्यांत त्यांपैकी किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. एकच प्रत ठेवली तर ती १२ टक्क्यांच्या आत येते. चार प्रती ठेवून संच मात्र शंभर पत्त्यांचा केला, तर ४० टक्क्यांचे साडेपंचवीस टक्के होतात. म्हणजे आवडला म्हणून घातलेला प्रत्येक जादा पत्ता आपल्या उत्तम पत्त्याला आपल्यापासून दूर ढकलतो. काय घ्यावे यापेक्षा काय सोडावे हे शिकणे अधिक कठीण असते, आणि नवखा खेळाडू नेमका तेथेच चुकतो.

दुसरा प्रश्न जमिनीचा. जमिनी कमी पडल्या तर हातातले पत्ते हातातच कुजतात. जास्त झाल्या तर शक्ती भरपूर, पण करायला काही नाही. साठांपैकी २४ जमिनी हे पुष्कळ संचांसाठी सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. त्याचा हिशेब मी आमच्या दहावीच्या मुलांना फळ्यावर मांडून दाखवला. सात पत्त्यांत सरासरी २.८ जमिनी येतात. दोन ते चार जमिनी येण्याची शक्यता सुमारे साडेसत्त्याहत्तर टक्के आहे. एकही न येण्याची किंवा एकच येण्याची शक्यता सव्वाचौदा टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे दर सात डावांत साधारण एकदा. पाच किंवा अधिक जमिनी येण्याची शक्यता सव्वाआठ टक्क्यांजवळ आहे. पाठ्यपुस्तकातील नाणी आणि फासे पाहून कंटाळणारी मुले हा हिशेब ऐकताना पुढच्या बाकावर सरकून बसली होती.

तिसरा प्रश्न किमतींच्या उतरंडीचा. पाळीगणिक एक जमीन मांडली तर पहिल्या पाळीत एक, दुसऱ्या पाळीत दोन, तिसऱ्या पाळीत तीन आणि चौथ्या पाळीत चार, अशी चार पाळ्यांत एकूण दहा एकक शक्ती हाती येते. ज्याच्याकडे प्रत्येक पाळीला योग्य किमतीचा पत्ता आहे, तो ती दहाही वापरतो. ज्याने केवळ भव्य आणि महागडे पत्ते भरले आहेत, तो तीन पाळ्या नुसता बसून राहतो आणि चौथ्या पाळीत चार एकक वापरतो. उरलेली सहा वाया जातात. म्हणून संचात एक-दोन किमतीचे पत्ते पुरेसे, मधले बेताचे आणि मोठे मोजकेच, अशी रचना करतात. वेगाने चाल करणाऱ्या संचात हा भार आणखी खालच्या किमतींकडे झुकतो. खेळाडू या रचनेला ‘मॅना कर्व्ह’ म्हणतात.

शेवटी, संचाचा हेतू एक असावा. काही संच पहिल्या पाळीपासून चाल करून जातात. काही संच समोरच्याची प्रत्येक चाल निष्प्रभ करीत डाव लांबवतात आणि शेवटी जिंकतात. काही संच दोन-तीन विशिष्ट पत्त्यांची जुळणी होण्याची वाट पाहतात. तिन्ही मार्गांनी जिंकता येते. परंतु तिन्ही थोडे थोडे करणारा संच बहुधा हरतो. रंगांचेही तेच. पाचही रंग घेतले तर हातात बेट आणि पत्ता मात्र डोंगराचा, अशी गत होते. नवशिक्याने एक किंवा दोन रंगांत राहावे. आमच्या मुलांनी पहिल्या दिवशी सर्वांनी मिळून निळाच रंग उचलला, हे येथे सांगायला हरकत नाही. योगायोग असा की, या खेळात निळा रंग ज्ञानाचा मानला आहे.

साध्या पत्त्यांची करामत

या खेळाच्या इतिहासातील एक प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. १९९६ साली काळ्या रंगाचे, ‘नेक्रोपोटेन्स’ नावाच्या प्रभावी पत्त्याभोवती बांधलेले संच स्पर्धांत गाजत होते. त्याच वर्षी अमेरिकेतील अटलांटा येथील एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू एक लाल संच घेऊन उतरला. संचाची कल्पना जे श्नायडर यांची. त्यातले बरेचसे सैनिक इतरांनी टाकाऊ ठरवलेले होते. ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’ हा त्यांपैकी एक. दोन किमतीचा हा सैनिक दोन किंवा अधिक बळाच्या शत्रूला अडवूच शकत नाही, असे त्याच्यावर छापलेलेच आहे. त्याच्या जोडीला ‘लाइटनिंग बोल्ट’ हा एका किमतीत तीन प्राणांक घेणारा साधा पत्ता होता.

सुटे सुटे पाहिले तर त्या पत्त्यांत नजरेत भरण्यासारखे फारसे काही नव्हते. रचना मात्र काटेकोर होती. प्रत्येक पाळीची शक्ती पूर्ण वापरायची, सैनिक अडवण्यासाठी नव्हे तर चाल करण्यासाठीच आणायचे आणि शेवटचे काही प्राणांक अस्त्रांनी घ्यायचे, असा तो हिशेब. भल्याभल्या संचांना जमिनी जुळवेपर्यंत हा संच निम्मे काम उरकून मोकळा होई. त्या स्पर्धेत त्याने वरची मजल मारली आणि पुढे त्या पद्धतीच्या संचांना ‘स्लाय’ हेच नाव पडले. आजही स्वस्त आणि वेगवान लाल संच त्याच वाटेने बांधले जातात. साधनांच्या किमतीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, साधनांच्या मांडणीला महत्त्व असते, हे या प्रसंगातून दिसते. कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून पुढे गेलेल्या आपल्या पहिल्या तुकड्यांना ते वेगळे सांगण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष खेळताना

पहिले सात पत्ते वाईट आले तर ते परत पिसून नवे घेता येतात. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. २०१९ पासूनच्या नियमानुसार पुन्हा सात पत्ते घ्यायचे आणि जितक्या वेळा बदलले तितके पत्ते हातातून संचाच्या तळाशी ठेवायचे. ‘येईल काहीतरी’ या आशेवर वाईट हात ठेवणे ही नवख्याची नेहमीची चूक. नशिबावर भिस्त ठेवू नये, शक्यता मोजून निर्णय घ्यावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

दुसरी गोष्ट आपली भूमिका ओळखण्याची. मायकेल फ्लोरेस या अमेरिकन खेळाडूने १९९९ साली एका गाजलेल्या लेखात मांडले की, दोन सारखे संच भिडतात तेव्हा एकाने आक्रमकाची आणि दुसऱ्याने बचाव करणाऱ्याची भूमिका घ्यावी लागते; जो आपली भूमिका चुकीची समजतो तो हरतो. डाव लांबला तर कोणाचा फायदा, हा प्रश्न स्वतःला विचारायचा. फायदा समोरच्याचा असेल तर आपण चाल केली पाहिजे. आपला असेल तर धीर धरला पाहिजे.

तिसरी गोष्ट राखीव पत्त्यांची. स्पर्धेतील सामना सामान्यतः तीनपैकी दोन डावांचा असतो आणि प्रत्येकाला १५ राखीव पत्ते बाळगता येतात. पहिल्या डावात समोरच्याची रीत पाहायची आणि दुसऱ्या डावापूर्वी त्यानुसार आपले पत्ते बदलायचे. पराभवानंतर दैवाला बोल न लावता कारण शोधणे आणि दुरुस्ती करणे, याचा तो सरावच आहे.

पैशाचा प्रश्न

येथवर गुणगान झाले. आता दोषाकडे वळले पाहिजे. खेळाचे नियम सर्वांना समान आहेत. खिसे समान नाहीत. पत्ते बंद पाकिटांत विकले जातात. आत काय आहे ते पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही आणि दुर्मीळ पत्ते मुद्दामच कमी छापलेले असतात. ‘ब्लॅक लोटस’ या १९९३ च्या एका पत्त्याची उत्तम स्थितीतील प्रत २०२१ साली पाच लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली. सामन्यातला पण गेला, तरी दुकानातले पाकीट हे सोडतीचे तिकीट उरलेच आहे. हवा तो पत्ता मिळेपर्यंत पाकिटे फोडत राहणाऱ्या मुलामध्ये आणि सोडतीची तिकिटे घेत राहणाऱ्या माणसामध्ये मला फारसा फरक दिसत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ टिकवली तर लोकशाहीच धोक्यात येईल. देशाच्या प्रश्नाशी खेळाची तुलना करण्याचा हेतू नाही. पण कागदावरचा समान नियम आणि हातातली असमान साधने यांतील अंतर ओळखण्याची दृष्टी त्यांनीच आपल्याला दिली आहे.

खेळाडूंनीही या अंतरावर उपाय शोधले आहेत. ‘पॉपर’ नावाच्या प्रकारात केवळ सर्वसामान्य वर्गात छापलेले, म्हणजे बहुतांशी स्वस्त पत्तेच चालतात. २०१९ पासून या प्रकाराचे नियम सर्वत्र एक झाले आणि त्याला अधिकृत मान्यता मिळाली. दुसरा उपाय मला अधिक भावला. त्यात पत्ते कोणा एकाचे नसतात. एका सामाईक खोक्यातून प्रत्येकापुढे १५ पत्त्यांची गड्डी ठेवायची. प्रत्येकाने तीतून एक निवडून उरलेली गड्डी शेजाऱ्याकडे द्यायची. असे तीन फेरे झाले की प्रत्येकाकडे ४५ पत्ते जमतात. त्यांतून निवडक पत्ते आणि हव्या तेवढ्या मूळ जमिनी घेऊन ४० पत्त्यांचा संच बांधायचा. डाव संपला की सारे पत्ते परत खोक्यात. श्रीमंत आणि गरीब घरचे मूल येथे एकाच गड्डीसमोर बसते. वरचढपणा दाखवायचा तर निवडीत आणि बांधणीत. भिक्खूची स्वतःची मालमत्ता मोजकी आणि बाकी सारे संघाचे, ही व्यवस्था जाणणाऱ्या आपल्या समाजाला ही रीत परकी वाटू नये.

आपल्या शाळेत

सुटीनंतर मी हे सारे पालक सभेपुढे ठेवले आणि सर्वानुमते चार नियम ठरले. एक, खोका वाचनालयाचा; वैयक्तिक पत्ते वसतिगृहात आणायचे नाहीत. दोन, पैसा, खाऊ, वही, काहीही पणाला लावायचे नाही. तीन, खेळ फक्त रविवारी दुपारी, अभ्यासाच्या वेळेबाहेर. चार, प्रत्येकाने आपला संच का तसा बांधला ते वहीत लिहायचे. चौथा नियम माझ्या आग्रहाचा. त्या वह्या वाचताना, गणितात मागे असलेला एक विद्यार्थी जमिनींचे प्रमाण अपूर्णांकांत मांडू लागलेला मला दिसला.

ज्या मातेने पहिला प्रश्न विचारला, त्या मध्यंतरी मुलाला भेटायला रविवारी आल्या होत्या. मुलगा डावात होता. बराच वेळ त्या मागे उभ्या राहून पाहत होत्या. “यात पैसं कुठं लागतं?” त्यांनी विचारले. मुलगा म्हणाला, “इथं नाही लागत, आई. दुकानात लागतं. तिथं जायचं नाही, असं सरांनी गणित करून दाखवलंय.” त्या हसल्या नाहीत, पण पाहत राहिल्या. त्यांची शंका पूर्ण फिटली असा माझा दावा नाही, आणि ती फिटूही नये. ही मुले उद्या शहरात जातील, तेथे बंद पाकिटे असतील आणि पैसे लावणारे मोबाइलवरचे खेळही असतील. त्या वेळी आईची ती शंका आणि फळ्यावरचा तो हिशेब, दोन्ही त्यांच्या पेटीत असावेत.

जय भीम! नमो बुद्धाय!